पिनांगचा बांगडा आणि आमचं कालवण

बांगड्याला नावं ठेवणाऱ्या माणसाशी माझं फार वेळ जमत नाही. पापलेटाचं, सुरमईचं कौतुक करावं, कुणी नको म्हटलंय. पण लगेच नाक मुरडून ‘बांगडा काय, वास मारतो’ असं म्हणायची काय गरज? मासा आहे, वास येणारच. आमच्या घरात माझ्या आईबापांचा सगळा संसार या एका माशाभोवती फिरला असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. हसू देत. मी तिथं होते.

आमचं घर रेवदंड्याच्या खाडीकाठी, माडांच्या आडोशाला. गावात निम्मी वस्ती कोळ्यांची आणि निम्मी आम्हा मुसलमानांची. कोळ्यांचे पुरुष दर्यावर जायचे ते फार तर दोन दिवसांनी घरी यायचे. आमचे पुरुष जायचे ते दोन-तीन वर्षांनी. कुणी जहाजावर खलाशी, कुणी रंगूनला, कुणी आफ्रिकेला. माझे अब्बा मलायात, पिनांग बंदरात, तांदूळ-मसाल्याच्या एका पेढीवर मुनशी होते. तीन वर्षांतून एकदा यायचे, चार-सहा महिने राहायचे आणि दाराला त्यांच्या चपलांची सवय होते न होते तोच परत जायचे. मी एकुलती एक. लहानपणी मी त्यांना पाहुणे समजायचे, आणि वागायचेही तशीच, अदबीनं.

आमच्याकडे एक रीत होती. परमुलखातून आलेल्या माणसाला घरच्यांनी ‘परत कधी जाणार?’ असं विचारायचं नाही. विचारलं म्हणजे आपणच त्याला दार दाखवलं असं व्हायचं. मग कळायचं कसं? पेटीवरून. त्याची पत्र्याची पेटी खाटेखाली असेल तर माणूस जाणार. पेटी रिकामी करून माळ्यावर चढवली की माणूस राहिला. विहिरीवर बायका एकमेकींना एवढंच विचारायच्या, ‘पेटी कुठं हाय?’ अम्मा उत्तर द्यायची, ‘खाटेखाली,’ आणि दोर विहिरीत सोडायची.

मी सांगते आहे ती गोष्ट सन तीसच्या आसपासची. रबराचा भाव पडला आणि मलायातल्या पेढ्या मंदावल्या. अब्बांच्या पेढीनं निम्मी माणसं घरी धाडली आणि ‘काम निघालं की कळवू’ असं सांगितलं. म्हणजे त्या खेपेला परतीची तारीखच नव्हती. पेटी खाटेखालीच होती, पण अम्मा रोज सकाळी खाटेखाली झाडू फिरवताना ती थोडी बाहेर ओढून ठेवायची. माळ्याची शिडी तर तिनं परसातून आणून आतल्या भिंतीला टेकवूनच ठेवली होती.

आता कालवणाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. अम्माच्या हातचं बांगड्याचं कालवण म्हणजे ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद पाट्यावर अगदी मऊ वाटून, आमसूल घालून, मातीच्या तवलीत शिजवलेलं. साधं. तसं गावात प्रत्येक घरी होई. पण अब्बा सकाळी तांदळाच्या भाकरीबरोबर ते खायला बसले की बोलणं बंद व्हायचं. ताट पुसून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘अगो, तू आणखी काय घालतेस यात?’ अम्मा म्हणायची, ‘काय न्हाय.’

खरंच काही नव्हतं. ते कालवण आदल्या दिवशीचं असायचं, बस. संध्याकाळी शिजवायचं, रात्रभर शिंक्यावर टांगून ठेवायचं आणि सकाळी मंद आचेवर कोमट करायचं. रात्रीत आंबट-तिखट माशात मुरतं आणि रस्सा दाट होतो. पण कमावून आलेल्या मालकाला शिळं वाढायचं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. एकदा आगबोट चुकून अब्बा दुसऱ्या दिवशी पोचले, तेव्हा अम्मानं नाइलाजानं कालचंच गरम करून वाढलं होतं, आणि त्यांनी बोटं चाटली होती. तेव्हापासून ती रोज शिळंच वाढायची आणि ‘आताच उतरवलं’ म्हणून सांगायची. ही लबाडी आम्हा दोघींनाच ठाऊक.

तर इतकं आवडीचं कालवण घरात असताना अब्बा गप्पा कुठल्या मारायचे? पिनांगच्या बांगड्याच्या. तिथं म्हणे संध्याकाळी दर्याच्या कडेला हातगाड्या लागतात. करवंटीचे निखारे, त्यावर केळीच्या पानात गुंडाळलेला बांगडा, आणि विकणारा माडाच्या झापाच्या पंख्यानं वारा घालतो आहे. पान काळं पडतं, आतून लाल वाटण सुसू करत बाहेर येतं. ईकान बाकर म्हणतात त्याला, म्हणजे भाजलेला मासा. कधी बांगड्याच्या पाठीला दोन्ही बाजूंनी चिरा देऊन, त्यात तेच वाटण दाबून भरून तळतात. कधी चिंचेच्या पातळ आंबट पाण्यात उकळतात आणि भातावर ओततात. सांगता सांगता अब्बांचे हात हवेत पंखा हलवायला लागायचे. अम्मा भाकरी थापत ऐकायची. गावातल्या काही बायकांना परमुलखातल्या सवतीचा धाक असायचा. माझ्या आईला माशाचा होता.

एके दिवशी तिनं ठरवलं. तिनं मला सांगितलं नाही, पण तिचं सगळं मला कळायचं. घरात जर हाच मासा मिळाला तर तिकडं जायचं कारण काय उरलं? हिशेब सरळ होता. मलाही तो पटला होता.

पहिल्या वेळी तिनं आपलंच वाटण लावून बांगडा केळीच्या पानात भाजला. अब्बांनी खाल्ला, हसले. ‘छान हाय. पण तसं न्हाय.’ दुसऱ्या वेळी आमसुलाऐवजी चिंच घातली. ‘पण तसं न्हाय.’ तिसऱ्या वेळी परसातला गवती चहा ठेचून घातला, तेव्हा ते थोडे सावरून बसले. ‘हां, ह्ये हाय त्यात. पण...’ अम्मानं ताट उचललं आणि आत जाऊन भांडी जरा जोरातच घासली. तीन दिवस आमच्याकडे बांगडा आला नाही. बोंबील खाल्ले सगळ्यांनी, मुकाट्यानं.

मग बंदरावरच्या चाचांचा शोध लागला. आगबोटीची वाट बघणाऱ्या लोकांसाठी बंदरावर झापांच्या दोन-तीन खोपटी होत्या. त्यातल्या एकीत एक म्हातारा खलाशी चहा, पाव आणि तळलेली मासळी विकायचा. सगळे त्याला चाचा म्हणत. तो उभा जन्म मलायाच्या बाजूला जहाजांवर भंडारी, म्हणजे जहाजाचा आचारी होता. अब्बा एकदा त्याच्याशी तिकडच्या भाषेत बोलले आणि त्यानं उठून त्यांना मिठीच मारली. तेव्हापासून दर जुम्म्याच्या नमाजानंतर अब्बा होडीनं बंदरावर जायचे आणि मला बरोबर न्यायचे. मी अकरा वर्षांची. त्या वयाच्या पोरीनं बंदरावर बसून खाल्लं तर कुणी काही म्हणत नसे. अम्माला मात्र तिथं पाय ठेवता येत नव्हता. बाईमाणसानं दुकानात बसून खायचं, ही कल्पनाच नव्हती.

चाचांचा बांगडा मी पहिल्यांदा खाल्ला ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. त्यांनी निखाऱ्यावरून पान उचललं, आमच्या पुढ्यातल्या फळीवर ठेवलं आणि बोटांनी भराभरा उघडलं. वास आधी नाकात गेला आणि मी मागंच सरले. काहीतरी कुजकं, खारट, पण ओळखीचं. मग तोंडात घास गेला आणि मी पुढं सरले ती पान संपेपर्यंत. जीभ पोळली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि वर पाव चोळून मी पानसुद्धा पुसून घेतलं. अब्बा माझ्याकडे बघत होते. इतका वेळ ते माझ्याकडे कधी बघत राहिल्याचं मला आठवत नाही. ‘आवडला?’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या दिवसापासून ते पाहुणे राहिले नाहीत.

घरी आल्यावर अम्मानं मला परसात ओढलं. ‘बाय, सांग. काय हाय त्यात?’

‘ठाऊक न्हाय. वास येतो.’

‘कसला?’

‘आपल्या घरातलाच कसला तरी.’

ती वैतागली. पण पुढच्या जुम्म्याला वेणी घालताना माझी हनुवटी धरून म्हणाली, ‘जीभ घेऊन जा, नि तशीच परत आण. वाटेत चिंचाबोरं खाऊ नको. नि चाचाला विचारू नको, घरची गोष्ट बंदरावर नको.’ मग सगळा पावसाळाभर हेच चाललं. आगबोटी बंद होत्या, बांगडाही मिळत नव्हता, तरी चाचांची चूल बंद नव्हती; खाडीच्या मासळीला तेच वाटण लावून ते भाजायचे. होडी निघेल त्या जुम्म्याला आम्ही खाडीनं जायचो, मी चव घेऊन यायचे आणि अम्मा पाट्यावर ती शोधायची. ती वाटण करायची, मी बोट बुडवून चाखायचे आणि मान हलवायचे. नाही. हे नाही. मला त्या खेळाची मजाच वाटायला लागली होती. आपल्या जिभेवर कुणाचं काही अवलंबून आहे हे त्या वयात कुणाला कळतं?

नारळी पुनव झाली, कोळ्यांच्या होड्या दर्यात गेल्या आणि पहिली आगबोट आली. त्याच बोटीनं पेढीचं पत्र आलं. काम निघालं आहे, यायचं तर कळवा. अब्बांनी ते वाचलं आणि उशीखाली ठेवलं. आठवडा गेला, दुसरा गेला. त्यांनी उत्तर लिहिलं नाही. उलट एका सकाळी माळ्यावर चढून कौलं फुटली आहेत का ते बघून आले आणि म्हणाले, ‘वर जागा बरीच हाय.’ अम्मा चुलीपुढं बसली होती. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही, पण तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली होती.

त्याच आठवड्यात चाचा मला म्हणाले, ‘बाय, पावसात तुमच्या घरचा जवळा सादळला असंल ना? तो फेकू नका. मला आणून द्या.’

जवळा म्हणजे बारीक कोळंबी, आम्ही उन्हाळ्यात वाळूत सुकवून पावसाळ्यासाठी साठवतो. पावसाच्या दमटपणानं उरलेला सादळतो, गुलाबी-जांभळा पडतो, वास मारतो. तो आम्ही माडांच्या बुंध्यात खत म्हणून टाकायचो. सगळा गावच टाकायचा. मी विचारलं, तुम्हाला तो कशाला? चाचांनी फळीखालून एक बरणी काढली. सादळलेल्या जवळ्यात मीठ घालून कुटायचा, उन्हात ठेवायचा, पुन्हा कुटायचा, पुन्हा उन्हात, मग वडी दाबून बरणीत भरायची. वापरताना निखाऱ्यावर जरा भाजून वाटणात घालायची. मलायात याला ब्लाचान म्हणतात. मी बरणीत नाक घातलं आणि मला तो ओळखीचा वास सापडला. तो आमच्या माडाच्या बुंध्याचा होता.

मी होडीतून उतरून घरापर्यंत धावत गेले. एवढी धावत मी आयुष्यात पुन्हा कशासाठी गेले नाही. अम्माला सांगितलं तेव्हा ती हसायला लागली, डोळ्याला पदर लावून हसली. ‘म्हंजे आपण माडाला घालतो ते तिथं माणसं खातात व्हय?’

तिनं आठ दिवस खपून ती वडी केली. परसात असा घमघमाट सुटला की शेजारणीनं मांजर मेलं का म्हणून विचारलं. अम्मानं सगळं हसत ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी ताजे बांगडे आले. मिरच्या, छोटे कांदे, गवती चहा, हळद, चिंच आणि भाजलेल्या वडीचा एक तुकडा असं वाटण झालं. मी बोट बुडवलं आणि चाखलं. अम्मा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, ‘ह्येच.’

करवंटीचे निखारे मी केले आणि पंखाही मीच हलवला. अब्बा ओट्यावरून वास घेत आत आले आणि पाटावर बसले. अम्मानं पान त्यांच्यापुढं उघडलं. पहिला घास त्यांनी खाल्ला आणि डोळे मिटले. मग सावकाश दोन्ही बांगडे संपवले, काटेसुद्धा चोखले. आम्ही दोघी ‘तसं न्हाय’ ऐकायच्या तयारीनं उभ्या होतो.

‘तसंच,’ ते म्हणाले. ‘अगदी तसंच.’

अम्मानं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. आमच्या दोघींच्या मनात तेव्हा एकच होतं, की उद्या पेटी वर जाणार. पण अब्बा हात धुऊन ओट्यावर गेले आणि दर्याकडे तोंड करून बसले. नमाजाची वेळ झाली तरी उठले नाहीत. मी दिवा घेऊन गेले तेव्हा त्यांचे गाल ओले होते. मला जवळ बसवून ते पिनांगबद्दल सांगायला लागले. पण या वेळी हातगाड्यांबद्दल नाही. तिथल्या त्यांच्या खोलीच्या खिडकीबद्दल, रोज सकाळी सलाम करणाऱ्या एका चिनी न्हाव्याबद्दल, गोदामातल्या लवंगांच्या वासाबद्दल सांगत होते. वीस वर्षं ते तिथं जगले होते. आमच्या घरात ते सगळं दडपून बसलं होतं आणि आम्हीच ते पान उघडून त्यांच्यापुढं ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढीला उत्तर लिहिलं. महिन्याभरानं पेटी खाटेखालून निघाली ती होडीत गेली. अम्मा ओट्यापर्यंत आली. मी बंदरापर्यंत गेले. चाचांनी बांगडा बांधून दिला, तो अब्बांनी माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, ‘अम्मेला दे. तिनं एकदाबी इथला खाल्लेला न्हाय.’ घरी आणेपर्यंत तो गार झाला होता. अम्मानं तो खाल्ला नाही, मीही नाही. ती वडीची बरणी तिनं परसात माडाच्या बुंध्यात उपडी केली आणि तो मासा आमच्या घरात पुन्हा कधी झाला नाही.

मला वाटतं ती माझ्यावर कधीच रागावली नाही. मी स्वतःवर रागावले, आणि अजून पूर्ण शांत झालेले नाही. चव मी आणली होती.

मराठी शाळेत माझ्या चार इयत्ता झाल्या होत्या, म्हणून पत्रं मीच लिहायची. अम्मा सांगायची आणि मी लिहायचे. दर वर्षी आम्ही पिनांगला जाणाऱ्या कुणाबरोबर आमसुलाची पुरचुंडी पाठवायचो. तीन वर्षं झाली, चार झाली, अब्बांचं येणं लांबत गेलं. मग एका पत्रात त्यांनी लिहिलं: ‘तुझ्या अम्मेला विचार, बांगड्याच्या कालवणात ती काय घालते. इथं बांगडा मिळतो, आमसूल तुम्ही पाठवता, खोबरं आहे. मी करतो पण तसं होत नाही.’

मी वाचून दाखवलं. अम्मानं ते मला दोनदा वाचायला लावलं. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काही तरी हललं.

‘लिही,’ ती म्हणाली. ‘काय घालत न्हाय. येऊन खा.’

मी दौतीत टाक बुडवला आणि थांबले. एक ओळ पुरली असती: ‘एक रात्र ठेवा.’ मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘एकदा चव देऊन बघितली ना आपण? आता न देऊन बघू.’ मला तिचा हिशेब याही वेळी पटला. मी लिहिलं, ‘काही घालत नाही. येऊन खा.’ पुढं त्यांनी आणखी दोन पत्रांत तेच विचारलं आणि आम्ही तेच उत्तर धाडलं. दुसऱ्या वेळी त्यांनी लिहिलं, ‘पुढच्या वर्षी येतोच.’ अम्मानं शिडी पुन्हा आत आणली.

पुढच्या वर्षी त्यांच्या इंतकालाची खबर आली. चार दिवसांचा ताप. तिथल्याच कबरस्तानात दफन केलं.

अम्माची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागं घरात बसायचे चार महिने दहा दिवस, संपली, त्यानंतर काही दिवसांनी पलीकडच्या गावचा एक माणूस पेटी घेऊन आला. तो अब्बांबरोबर एकाच खोलीत राहायचा. भर दुपारी आला, उपाशी आला. घरात होतं ते आदल्या दिवशीचं कालवण. परक्या माणसाला शिळं कसं वाढायचं म्हणून मी घुटमळले, तर दाराआडून अम्मा म्हणाली, ‘वाढ.’

त्यानं भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात घातला आणि चावायचाच थांबला. मग म्हणाला, ‘ह्येच ते. ह्ये सांगायचे तुझे अब्बा. दर जुम्म्याला बांगडा आणायचे, आमा सगळ्यांना वाढायचे, आम्ही वाहवा म्हणायचो. ते एक घास खायचे नि म्हणायचे, छान हाय, पण तसं न्हाय. काय कमी हाय त्ये मात्र शेवटपर्यंत कळलं न्हाय त्यांना.’

दाराआडून अम्मा बोलली, अगदी साध्या आवाजात, एखादीला कृती सांगावी तशी. ‘काय कमी न्हाय. एक रात्र ठेवायचं असतं.’

‘अरेच्चा,’ तो म्हणाला. ‘एवढंच? मग सांगायचं की त्यांना.’

‘व्हय,’ अम्मा म्हणाली.

तो गेल्यावर आम्ही पेटी उघडली. दोन लुंग्या, एक कोट, आमची सगळी पत्रं आणि धुऊन घडी घातलेली आमसुलाची रिकामी फडकी. अम्मानं सगळं बाहेर काढलं, पेटी आतून पुसली आणि मला शिडी धरायला सांगितली. पेटी तिनं स्वतः माळ्यावर चढवली. दुसऱ्या दिवशी आम्ही विहिरीवर गेलो, तेव्हा पेटी कुठं आहे ते कुणी विचारलं नाही.